मजकूर मोठा, रकाना लहान : एका लक्षणाची समीक्षा

आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, यात तत्त्वज्ञान कुठे आलं?" डेटाबेसमध्ये मोठा मजकूर साठवायचा असेल तर कॉलम कुठल्या प्रकारचा घ्यावा, हा प्रश्न संगणकाच्या वर्गात पाच मिनिटांत उरकतात. त्यावर मी स्वतंत्र व्याख्यान देणार म्हणजे म्हातारपणी नवीन खूळ काढलं, असं वाटणं साहजिक आहे. पण मी जन्मभर न्यायदर्शन शिकवलं आणि माझ्या हातून झालेला एक अन्याय याच पाच मिनिटांच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. तो मी मध्येच सांगणार आहे, शेवटासाठी राखून ठेवणार नाही. कारण तो सांगितल्याशिवाय पुढची टीका पोकळ वाटेल.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. डेटाबेसमध्ये टेबल असतं, टेबलात रकाने असतात. रकाना तयार करतानाच आपण सांगून ठेवतो की इथे काय येणार: संख्या, तारीख की मजकूर, आणि मजकूर असेल तर किती मोठा. १९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल पद्धतीची मांडणी करणारा जो निबंध लिहिला, त्यात यासाठी 'डोमेन' अशी कल्पना आहे. रकान्यात येऊ शकतील अशा सगळ्या मूल्यांचं क्षेत्र म्हणजे डोमेन. मला ते वाचताना आपल्याकडचं 'लक्षण' आठवलं.

लक्षण म्हणजे व्याख्या. आणि लक्षणाला तीन दोष लागू शकतात, हे आपण पूर्वी पाहिलं आहे. उदाहरण गाईचंच घ्यायचं. 'गाय म्हणजे तांबूस रंगाची' असं म्हटलं की पांढरी गाय बाहेर राहिली, ही अव्याप्ति. 'गाय म्हणजे शिंगं असलेली' म्हटलं की म्हैसही आत शिरली, ही अतिव्याप्ति. 'गाय म्हणजे एका खुराची' म्हटलं की एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. रकान्याचा प्रकार निवडणं म्हणजे, माझ्या मते, लक्षण करणं. तुम्ही म्हणता, 'या जागी येणारा मजकूर असा असेल.' ते म्हणणं तपासायला हे तीन दोष पुरेसे आहेत. आज मी तेच करणार आहे.

उदाहरणासाठी मायएसक्यूएल घेतो, कारण गोष्ट तिथेच घडली. त्यात मोठ्या मजकुरासाठी चार प्रकार आहेत. टायनीटेक्स्ट : २५५ बाइट. टेक्स्ट : ६५,५३५ बाइट. मीडियमटेक्स्ट : १,६७,७७,२१५ बाइट. लाँगटेक्स्ट : ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे चार जीबी. हे आकडे कुणाच्या लहरीतून आलेले नाहीत. मजकूर किती लांब आहे, ती लांबी लिहून ठेवायला पहिल्याला एक बाइट लागतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार. एका बाइटमध्ये मोठ्यात मोठी संख्या २५५ मावते. पुढचं गणित तसंच.

आता नावाकडे बघा. चार प्रकारांत ज्याला विशेषण नाही, नुसतं 'टेक्स्ट' म्हणजे 'मजकूर' म्हटलं आहे, तो दुसरा. नव्या माणसाला मजकूर साठवायचा असेल तर तो कुठला उचलेल? अर्थात तोच. पासष्ट हजार हा आकडाही ऐकायला भरपूर वाटतो. पण पासष्ट हजार काय? अक्षरं नव्हे, बाइट. इंग्रजीचं साधं अक्षर यूटीएफ-८ पद्धतीत एका बाइटमध्ये बसतं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. आणि चिन्ह म्हणजे आपण ज्याला अक्षर म्हणतो ते नव्हे. 'श्री' हे आपल्या दृष्टीनं एक अक्षर. संगणकाच्या दृष्टीनं श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं, बारा बाइट. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द घ्या. आपण मोजली तर अक्षरं चार : ज्ञा, ने, श्व, री. संगणकाची चिन्हं अकरा. बाइट तेहतीस. एकाच शब्दाची लांबी विचारली तर तीन उत्तरं, आणि तिन्ही आपापल्या जागी खरी.

म्हणून ६५,५३५ ला तीननं भागा : २१,८४५ चिन्हं. मराठी शब्दात सरासरी सहा चिन्हं धरली आणि एक मोकळी जागा, तर साडेतीन हजार शब्दांच्या आतच रकाना भरतो. इंग्रजी शब्द मोकळ्या जागेसह सहा बाइटांचा धरला, तर त्याच रकान्यात साधारण अकरा हजार शब्द बसतात. मी तासभर बोललो तर पाच-सहा हजार शब्द सहज होतात. म्हणजे तासाभराचं इंग्रजी व्याख्यान 'मजकूर' या लक्षणात बसतं आणि तेवढंच मराठी व्याख्यान बसत नाही. पांढरी गाय बाहेर! यात कुणाचा दुष्टपणा आहे असं मी म्हणत नाही. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ रचली, तेव्हा जुना इंग्रजी मजकूर जसाच्या तसा वाचता यावा ही अट होती, आणि तिची किंमत कुणाला तरी द्यावी लागणारच होती. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. रकाना निवडणाऱ्यानं आपण कुठल्या भाषेसाठी निवडतोय हे विचारात घेतलं नाही, ही माझी तक्रार आहे.

आता गोष्ट. एका संस्थेनं, नाव घेत नाही, माझ्या एका दिवंगत ज्येष्ठ सहकाऱ्यांची व्याख्यानं संकेतस्थळावर ठेवायचं ठरवलं. हस्तलिखित वह्या होत्या, चाळीस व्याख्यानं. एका टंकलेखिका बाईंना काम दिलं. त्या वही समोर ठेवून संकेतस्थळाच्या चौकटीत थेट टाइप करायच्या आणि 'जतन करा' दाबायच्या. पडद्यावर यायचं, 'जतन झाले'. मग पुढची वही. काम संपलं, वह्यांचं ओझं कशाला म्हणून बऱ्याचशा रद्दीत गेल्या. काही महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात आलं, की नऊ व्याख्यानं अर्धवट आहेत. वाक्याच्या मध्येच, शब्दाच्या मध्येच तुटलेली.

समिती बसली. त्या समितीत मी होतो. संगणकाचं काम पाहणाऱ्या माणसानं नोंदी दाखवल्या : नऊही वेळा 'जतन झाले' अशी नोंद आहे, प्रणालीत चूक नाही. बाई म्हणाल्या, "मी पूर्ण टाइप केलं होतं." आमच्यापैकी एक जण म्हणाले, लांब व्याख्यानांचा कंटाळा आला असेल. सगळी तुटलेली व्याख्यानं लांबच होती ना! पुरावा म्हणून आम्ही तेच धरलं. त्या नऊ व्याख्यानांचं मानधन कापायचं ठरलं. मी हात वर केला. चाळीस वर्षं अनुमान शिकवलेला माणूस.

पुढे माझा एक जुना विद्यार्थी, जो डेटाबेसचंच काम करतो, घरी आला होता. त्याला सहज सांगितलं. त्यानं ते मजकूर मागवून घेतले, प्रत्येकाचे बाइट मोजले आणि मला कागदावर नऊ आकडे लिहून दाखवले. सगळे ६५,५३३, ६५,५३४ किंवा ६५,५३५. "सर," तो म्हणाला, "माणूस कंटाळला तर नऊ वेळा एकाच ठिकाणी कंटाळत नाही." एक-दोन बाइटांचा फरक का, तर चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि मायएसक्यूएल कापताना चिन्ह अर्धं तोडत नाही. तेवढी सभ्यता त्यानं पाळली होती. अक्षर मात्र तोडलं होतं. एक व्याख्यान 'तत्' या शब्दावर संपलं होतं, आणि आमच्यातल्या एकानं त्यात औपनिषदिक गांभीर्यही शोधलं होतं. वही मिळाली तेव्हा कळलं, मूळ शब्द 'तत्त्वज्ञान' होता.

नऊपैकी चार वह्या सापडल्या. पाच व्याख्यानांची शेपटं कायमची गेली. बाईंचं मानधन दिलं गेलं. मी उशिरा, फार उशिरा, त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की चूक आमची होती. त्या म्हणाल्या, "सर, मी तेव्हाच म्हटलं होतं की वही परत द्या, मी पुन्हा टाइप करून देते." हो, म्हटलं होतं. इतिवृत्तात ते नाही. माझ्या आठवणीत आहे.

आता या प्रसंगाची चिकित्सा करू. पहिला मुद्दा लहान रकान्याचा. टेक्स्टऐवजी मीडियमटेक्स्ट घेतला असता तर किती जागा जास्त लागली असती? मघाशी सांगितलं, लांबी लिहायला दोनऐवजी तीन बाइट. म्हणजे व्याख्यानामागे एक बाइट. बाकी जागा मजकूर जेवढा असेल तेवढीच. चाळीस व्याख्यानांचे चाळीस बाइट वाचवले. 'मराठी' हा शब्द लिहायला पंधरा बाइट लागतात. त्या वाचवलेल्या जागेत तो तीनदासुद्धा बसत नाही. पण ही कंजुषी कुणी विचारपूर्वक केली नव्हती. नाव 'टेक्स्ट' होतं म्हणून घेतलं. रूढीनं घेतलेलं लक्षण असंच असतं. त्याचं दुसरं उदाहरण २५५. पूर्वी मायएसक्यूएलमध्ये व्हारचारला २५५ च्या वर जाताच येत नव्हतं; ५.०.३ या आवृत्तीपासून ती मर्यादा उठली. तरी आजही नाव, पत्ता, शीर्षक, काहीही असो, लोक व्हारचार २५५ लिहून मोकळे होतात. विचारलं तर उत्तर येतं, "असंच लिहितात." कारण गेलं, आचार राहिला.

दुसरा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो. रकाना लहान होता हे एक वेळ ठीक. पिशवी लहान असली की सामान बाहेर राहतं आणि आपल्याला ते दिसतं. इथे सामान फेकून दिलं गेलं आणि पावती मात्र पूर्ण सामानाची दिली. मायएसक्यूएलच्या त्या काळच्या ढिल्या पद्धतीत, मोठा मजकूर आला तर तो कापून साठवायचा आणि फक्त एक इशारा नोंदवायचा, असं चाले. तो इशारा मागितला तर मिळतो. आमच्या संकेतस्थळानं तो कधी मागितलाच नाही. २०१५ मध्ये आलेल्या ५.७ आवृत्तीपासून कडक पद्धत मुळातच चालू असते आणि असा मजकूर सरळ नाकारला जातो. पण जुना प्रोग्रॅम अडखळतो म्हणून ती बंद करून ठेवलेले सर्व्हर आजही असतात.

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. जे जसं आहे ते तसं सांगणारा. आमच्यासमोर दोन साक्षी होत्या. बाई म्हणत होत्या, पूर्ण टाइप केलं. यंत्र म्हणत होतं, जतन झालं. आम्ही यंत्राला आप्त मानलं, कारण यंत्राला कंटाळा येत नाही. पण कंटाळा न येणं आणि खरं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या प्रणालीत कापलेल्या मजकुरालाही 'जतन झाले' म्हणता येतं, तिच्या 'जतन झाले'ला काही अर्थच उरत नाही. माझ्या दृष्टीनं रकान्याच्या आकारापेक्षा हा दोष मोठा आहे, आणि त्याचा भार नेहमी सगळ्यात खालच्या माणसावर येतो. समितीवर येत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढंच असेल तर सगळीकडे सर्वांत मोठा रकाना टाका. लाँगटेक्स्ट, प्रश्न मिटला. नाही मिटत. ही अतिव्याप्ति. पिन कोडचा रकाना लाँगटेक्स्ट केला तर त्यात कुणी आख्खी कादंबरी भरली तरी डेटाबेस हरकत घेणार नाही. म्हशीला गाय म्हणायला लक्षणानंच परवानगी दिली. शिवाय व्यवहारातली किंमत आहे : टेक्स्ट घराण्यातल्या रकान्यावर इंडेक्स करायचा तर सुरुवातीची किती चिन्हं घ्यायची ते सांगावं लागतं, आणि सगळे रकाने एकदम मागणारी क्वेरी लिहिली की नुसती शीर्षकांची यादी हवी असताना पूर्ण ग्रंथ ओढून आणला जातो. त्यातच असंभवही डोकावतो. लाँगटेक्स्टची मर्यादा चार जीबी. पण मायएसक्यूएलशी होणाऱ्या देवाणघेवाणीत एका पुडक्याची कमाल मर्यादा एक जीबी आहे, आणि आठव्या आवृत्तीत ती मुळात ६४ एमबीच ठेवलेली असते. चार जीबीचा मजकूर एका दमात आत जाऊच शकत नाही. व्याख्येत आहे, व्यवहारात नाही.

ऑरॅकलचं उदाहरण याहून मजेदार. तिथे व्हारचार२ चा रकाना नेहमीच्या मांडणीत ४,००० बाइटांचा. तुम्ही हौसेनं '४,००० कॅरेक्टर' असं लिहिलंत तरी वरची ४,००० बाइटांची मर्यादा हलत नाही. म्हणजे लक्षण सांगतं चार हजार चिन्हं, आणि देवनागरीची मावतात १,३३३. २०१३ च्या १२सी आवृत्तीपासून ३२,७६७ बाइटांपर्यंत जाता येतं, पण त्यासाठी वेगळी मांडणी करावी लागते. त्याहून मोठ्या मजकुरासाठी क्लॉब. आणि इथे एक गंमत बघा : व्हारचार२ मध्ये रिकामा मजकूर आणि 'नल', म्हणजे मूल्यच नसणं, हे एकच मानतात. क्लॉबमध्ये मात्र रिकामा क्लॉब वेगळा आणि नल वेगळा, असं ठेवता येतं. आपल्याकडे अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत, ते उगाच नाही. 'उत्तर अजून दिलेलं नाही' आणि 'विचार करून कोरं ठेवलं' यांत फरक आहे, परीक्षकाला विचारा. रकान्याचा प्रकार बदलला की हा फरक करण्याची ताकद येते किंवा जाते. आकाराचा निर्णय घेता घेता आपण अस्तित्वाबद्दलही निर्णय घेऊन टाकतो, आणि आपल्याला कळतही नाही.

मग बरं उदाहरण आहे का? पोस्टग्रेएसक्यूएलची मांडणी मला सगळ्यात सरळ वाटते. तिथे मर्यादा न सांगता नुसतं 'टेक्स्ट' म्हणता येतं, आणि मर्यादा घातलेल्या व्हारचारपेक्षा ते संथ चालतं असंही नाही. त्यांची अधिकृत माहितीच तसं सांगते. मजकूर साधारण दोन केबीच्या वर गेला की तो दाबून, गरज पडली तर तुकडे करून, बाजूच्या टेबलात ठेवण्याची सोय आहे. तिला ते टोस्ट म्हणतात. एका मूल्याची मर्यादा एक जीबी. आणि लांबी मोजायची तर ती बाइटांत नव्हे, चिन्हांत. तेही पूर्ण समाधानकारक नाही : व्हारचार १० मध्ये 'ज्ञानेश्वरी' नाकारली जाईल, कारण चिन्हं अकरा, वाचणाऱ्याला मात्र अक्षरं चारच दिसतात. पण निदान नाकारली जाईल, मुकाट कापली जाणार नाही. तिथेही कुणी मुद्दाम 'याचं दहा चिन्हांत रूपांतर कर' असं सांगितलं तर ती गुपचूप कापते. पण मग कापा असं आपणच सांगितलेलं असतं.

या मांडणीतून मला जे घ्यावंसं वाटतं ते असं. मर्यादा दोन प्रकारच्या असतात. एक साठवणीची : भांड्यात किती मावतं. दुसरी अर्थाची : सारांश पाचशे चिन्हांचाच हवा, कारण संपादकांनी तसं ठरवलं आहे. आपण दुसरी मर्यादा पहिलीच्या तोंडून बोलतो, किंवा पहिलीला दुसरी समजतो, आणि घोटाळा होतो. अर्थाची मर्यादा असेल तर ती वेगळी अट म्हणून लिहा, म्हणजे ती मोडली की कुणाला तरी कारणासह कळेल आणि उद्या बदलताही येईल. अर्थाची मर्यादा नसेल, एखाद्याचं व्याख्यान, पत्र, जबानी असेल, तर ते किती लांब असावं हे ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही. तिथे भांडं सढळ घ्या. मायएसक्यूएल असेल तर मीडियमटेक्स्ट, कडक पद्धत चालू ठेवून. आणि साठवल्यावर परत वाचून लांबी जुळते का ते एकदा तरी बघा.

एक प्रश्न आलाय. "सर, आधीच चालू असलेल्या संकेतस्थळाचं काय करावं?" सोपं आहे, आज रात्रीही करता येईल. टेक्स्ट रकान्यातल्या प्रत्येक मजकुराची लांबी बाइटांत मोजायला सांगा आणि मोठ्यापासून लहानाकडे लावा. वरच्या बाजूला ६५,५३३, ६५,५३४, ६५,५३५ असे आकडे एकाखाली एक दिसले, तर रकाना बदला, पण तेवढ्यावर थांबू नका. रकाना मोठा केल्यानं गेलेला मजकूर परत येत नाही. तो ज्यांनी टाइप केला होता त्यांना फोन करा, मूळ कागद कुठे आहेत ते विचारा. आणि त्यांच्यावर तेव्हा कुणी ठपका ठेवला असेल, तर तोही त्याच फोनवर काढून घ्या.